दिवाळीआधी एक बैठक, आखाजीनंतर दुसरी

सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या गावातली 14 वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणा. सरकारी कागदावर तिच्याकडे किती जणांचं लक्ष आहे, ते मोजलं तर नवल वाटेल. जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर तिचं नाव वर्गशिक्षकांच्या हजेरीपटावर, म्हणजे शिक्षण विभागाकडे. आश्रमशाळेत असेल तर आदिवासी विकास विभागाकडे, त्याचं प्रकल्प कार्यालय तळोदा, नंदुरबार, धुळे नाहीतर यावलला. शाळा सुटली असेल तर अंगणवाडीताईंच्या किशोरींच्या यादीत, म्हणजे महिला व बालविकास विभागाकडे. रक्त किती आहे, हे आशाताईंच्या वहीत, म्हणजे आरोग्य विभागाकडे. वयाआधी तिचं लग्न होऊ नये हे पाहण्याची कायदेशीर जबाबदारी ग्रामसेवकावर. शिवाय गावात शाळा व्यवस्थापन समिती आहे, ग्राम बाल संरक्षण समिती आहे, आरोग्य-पोषण-पाणी-स्वच्छतेची समिती आहे आणि 2007 पासून तंटामुक्त गाव समितीही आहे. इतकं सगळं असून ही मुलगी दिवाळीनंतर शाळेत दिसेनाशी होते आणि पुढच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला तिला हळद लागते. हे घडतं कसं, आणि ते टाळायला गावाने एकत्र काम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते इथे सोपं करून सांगतो.

आधी हे घडतं कसं ते पाहू. पावसाळा सरता सरता ऊसतोडीला मजूर जमवणारा मुकादम गावात येतो. बापाच्या अंगावर दवाखान्याचं नाहीतर बियाण्याचं देणं असतं, तो उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतो. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्यामुळे आईलाही जावंच लागतं. दिवाळी झाली की ट्रक भरतात आणि बारडोलीच्या बाजूला नाहीतर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघतात. धाकटा भाऊ अंगावरचा, त्याला सांभाळायला कोण? मोठी बहीण. ती वर्गातून जाते ती अशी. उसाच्या फडाजवळच्या झोपडीला दार नसतं. आई-बाप पहाटे अंधारात फडात जातात आणि वयात आलेली मुलगी दिवसभर एकटी असते. तिच्या जिवाला आणि अब्रूला काही झालं तर, या धास्तीने बाप ठरवतो की यंदा गावी परतलो की हिचं उरकून टाकायचं. त्याला मुलीचं वाईट करायचं नसतं. त्याच्यापुढे जे दोन रस्ते दिसतात, त्यातला कमी धोक्याचा तो निवडतो.

आता गावात कोणाला काय ठाऊक होतं बघा. उचल घेतल्याचं किराणा दुकानदाराला कळलं होतं, कारण त्याची जुनी उधारी एकदम फिटली. धाकट्याचं वजन वाढत नाही, हे अंगणवाडीताईंना माहीत होतं. आई पुन्हा गरोदर आहे, हे आशाताईंना. मुलगी गेले दोन महिने आठवड्यातून तीनच दिवस येते, हे शिक्षकांना. लग्नाची बोलणी सुरू झालीत, हे भाऊबंदांना. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, पण हे सगळे एका ठिकाणी बसून एकमेकांना सांगतील अशी जागा गावात नव्हती. समित्या चार होत्या खऱ्या, पण त्यांचं इतिवृत्त बहुतेक वेळा ऑडिटच्या आदल्या दिवशी लिहिलं जातं आणि सह्यांसाठी वही घरोघर फिरते.

दुसरं उदाहरण मुलाचं घेऊ. सातवीतला पोरगा, वर्गात मान टाकून बसतो, खेळाच्या तासाला सावलीत उभा राहतो, महिन्यातून आठवडाभर गैरहजर. शिक्षक त्याला आळशी म्हणतात, बाप मारतो. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फोडून काढावीत अशा वेदना होतात. थंडीत, पाणी कमी प्यायल्यावर, अंगमेहनत झाल्यावर त्रास वाढतो. पोराची तपासणी झालेली असते, त्याचं सिकलसेलचं कार्डही घरात कुठेतरी पत्र्याच्या पेटीत असतं. आशाताईंना हे ठाऊक असतं. शाळेला नसतं. आशाताई आणि वर्गशिक्षक यांच्यात एकदा दहा मिनिटं बोलणं झालं, तर त्या पोराचं वर्षभराचं जगणं बदलेल: वर्गात पाण्याची बाटली जवळ, धावण्यातून सूट, बुडालेले धडे शिकवायला मित्र, आणि घरी मार बंद. मात्र हे पालकांना विचारून व्हावं आणि त्याचा आजार वर्गासमोर पुकारला जाऊ नये.

या दोन गोष्टींत जे दिसतं, त्याची मांडणी अभ्यासकांनी फार पूर्वी केली आहे. मुलाच्या वाढीला धोका देणाऱ्या काही गोष्टी असतात: घरात दारू, मारहाण, कर्ज, शाळेत अपमान आणि अपयश, मित्रांच्या टोळक्यात गुटखा, गावात नाक्यावर सहज मिळणारी बाटली, आणि 'पोरींना शिकवून काय करायचं' अशी सगळ्यांनी मान्य केलेली समजूत. तशाच आधार देणाऱ्याही गोष्टी असतात: घराबाहेरचं एखादं मायेचं मोठं माणूस, शाळेत एखादी गोष्ट जमल्याचा अनुभव, खेळाचा नाहीतर भजनाचा गट, आणि स्पष्ट पण प्रेमाने घातलेले नियम. एकटा धोका सहसा मुलाला पाडत नाही. तीन-चार एकावर एक साचले की पाडतात. आणि हे धोके वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेले असल्यामुळे कोणीही एकटा ते कमी करू शकत नाही. शिक्षक दारूचा गुत्ता बंद करू शकत नाहीत, आशाताई कर्ज फेडू शकत नाहीत, सरपंच कोणाच्या घरात जाऊन मायेने बोलू शकत नाहीत. एकत्र कामाची गरज पडते ती इथे.

आधाराच्या गोष्टींत सर्वांत जास्त जोर मी घराबाहेरच्या त्या एका माणसावर देईन. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मागोवा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं घेतला. ज्या मुलांच्या वाट्याला गरिबी, आजारी किंवा व्यसनी पालक, घरातली भांडणं असं बरंच काही आलं होतं, त्यांतलीही जवळजवळ एक तृतीयांश मुलं चांगली, कर्ती माणसं झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक बाब म्हणजे आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक असं कोणीतरी एक माणूस त्यांच्या पाठीशी घट्ट उभं होतं. खानदेशाला हे परक्या देशातून शिकावं लागत नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते आणि तिथल्या वसतिगृहाची जबाबदारी सांभाळत होते. मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढत. गरीब, घरापासून लांब आलेल्या पोरांना रोज सकाळी कोणीतरी आपल्यासाठी लिहिलेलं वाचायला मिळे. आज गावात असं माणूस कोण होऊ शकेल, हा प्रश्न बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा इतका महत्त्वाचा आहे. निवृत्त शिक्षक, सुट्टीवर आलेला जवान, बचत गटातली एखादी धीराची बाई, महाविद्यालयात शिकणारी गावातलीच ताई, यांच्यापैकी कोणीही. एकेकाने दोन-दोन मुलं धरली तरी पुरे.

पण नुसत्या सदिच्छेने एकत्र आल्याने खरंच फरक पडतो का? याची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत सात राज्यांतली 24 लहान गावं घेतली गेली. चिठ्ठ्या टाकून निम्मी गावं निवडली आणि त्यांना 2003 पासून एक पद्धत शिकवली: गावातल्या वेगवेगळ्या लोकांचं मंडळ करा, शाळेतल्या मुलांनाच नावाशिवायची प्रश्नावली द्या, तुमच्या गावात कोणते धोके जास्त आणि कोणते आधार कमी ते त्यातून काढा, त्यातले दोन-तीनच निवडा, आणि त्यांवर आधीच गुण आलेले उपाय नेटाने करा. पाचवीतल्या 4,407 मुलांचा मागोवा घेतला. ती आठवीत पोचेपर्यंत, ही पद्धत वापरणाऱ्या गावांतल्या मुलांत दारू आणि सिगारेट सुरू करण्याचं प्रमाण दुसऱ्या गावांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होतं, मारामारी-चोरीसारख्या वागण्याची सुरुवात सुमारे एक चतुर्थांशाने कमी. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं की, सगळ्या गावांना एकच उपाय दिला नव्हता. आपल्या पोरांचं काय दुखतंय हे प्रत्येक गावाने आधी विचारलं आणि मग ठरवलं.

आइसलँडचं उदाहरण आणखी ठळक आहे. 1998 मध्ये तिथल्या 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के जण मागच्या महिन्यात एकदा तरी दारू पिऊन झिंगलेले होते. 2016 मध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारे 23 टक्के होते, ते 3 टक्के झाले. त्यांनी केलं काय? दर काही काळाने मुलांची पाहणी, आणि तिचे निकाल थोड्याच दिवसांत त्या त्या शाळेच्या पालकांपुढे. पालकांनी आपसात करार केले की रात्री मुलं अमुक वेळेनंतर बाहेर राहणार नाहीत. म्हणजे 'सगळ्यांच्या घरी चालतं, तुम्हीच नाही म्हणता' हे मुलांचं हुकमी अस्त्र गेलं. आणि मुलांना संध्याकाळी करायला काहीतरी मिळावं म्हणून खेळ, संगीत, नाच यांवर सरकारने पैसे खर्च केले. 'दारू वाईट' अशी भाषणं देण्यावर त्यांचा भर नव्हता. भाषणं आपल्याकडे भरपूर होतात, व्यसनमुक्तीच्या प्रभातफेऱ्या निघतात, आणि संध्याकाळी सहा वाजता पोरांना बसायला पानटपरीशिवाय जागा नसते.

तुम्ही म्हणाल, तो श्रीमंत देश, आपलं काय. मग आपल्यासारख्याच मुलखातली दोन कामं सांगतो.

पहिलं झारखंड-ओडिशाच्या आदिवासी जिल्ह्यांतलं. एकजुट या संस्थेने 2005 ते 2008 या काळात गावोगाव बायकांचे गट बसवले. दर महिन्याला गट भरायचा. तो चालवणारी बाई त्याच भागातली असायची, डॉक्टर नाही, नर्स नाही. ती चित्रांची कार्डं मांडायची, गोष्ट सांगायची: एका बाईला रात्री कळा सुरू झाल्या, मग काय झालं? बायका स्वतः कारणं शोधायच्या. का उशीर झाला? गाडी नव्हती. का नव्हती? पैसे नव्हते. मग आपण आधीच थोडे थोडे जमवले तर? कोणते प्रश्न आधी घ्यायचे ते त्याच ठरवायच्या, उपाय गावापुढे मांडायच्या, आणि पुढच्या बैठकींत काय झालं ते तपासायच्या. शेवटच्या दोन वर्षांत या गावांत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 45 टक्क्यांनी कमी झाले, आणि तिसऱ्या वर्षी आयांमधली मध्यम स्वरूपाची उदासीही निम्म्याहून अधिक घटली. नवा दवाखाना बांधला नव्हता. मोठा भाग होता तो नियमाने एकत्र बसण्याचा. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर काम करणाऱ्यांनी हा प्रयोग जवळून अभ्यासावा, इतका तो आपल्या मुलखाशी मिळताजुळता आहे.

दुसरं बिहारच्या नालंदा जिल्ह्यातलं. तिथल्या सरकारी माध्यमिक शाळांत नववीच्या मुलांसाठी एक कार्यक्रम झाला: तक्रारपेटी, भित्तिपत्रक, गटचर्चा, एकट्याने बोलायची सोय. काही शाळांत तो चालवायला बाहेरून एक प्रशिक्षित तरुण समुपदेशक दिला, काही शाळांत तेच काम तिथल्याच एका शिक्षकाला दिलं. 2018 मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. समुपदेशक असलेल्या शाळांत छळ, मारामारी आणि नैराश्य घटलं, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकाकडे दिलेल्या शाळांत फरक दिसला नाही. हा शिक्षकांचा दोष म्हणून वाचू नका. आधीच अध्यापन, निवडणूक, पोषण आहार, ऑनलाइन माहिती यांखाली दबलेल्या माणसावर आणखी एक काम टाकलं की ते काम बुडतं. शिवाय ज्याच्या हातात मार्क असतात, त्याच्यापाशी मूल मन मोकळं करत नाही. म्हणून कोणतंही एकत्र काम करताना एक माणूस असा हवा की ज्याचं तेच काम आहे: बैठक बोलावणं, निरोप देणं, मागच्या वेळी काय ठरलं ते वाचून दाखवणं, आणि न झालेल्या कामाबद्दल न चिडता पुन्हा विचारणं. त्याला थोडं मानधन मिळालं पाहिजे. एकत्र कामाचे बहुतेक प्रयत्न मरतात ते या माणसाची सोय न केल्यामुळे.

पैसे कुठून आणायचे? अगदी कोरडं रान नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या गावांना आदिवासी उपयोजनेतून थेट निधी येतो आणि तो कसा खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. गावाच्या आरोग्य-पोषण समितीला थोडा अबंधित निधी मिळतो. यांतून बैठका जमवणाऱ्या त्या निमंत्रकाचं मानधन, चार चटया आणि दोन कॅरमबोर्ड सहज निघतात. ग्रामसभेत उठून विचारणारं कोणी पाहिजे.

आणि एकत्र येण्याची सवय म्हणाल तर ती खानदेशाच्या हाडीमासी खिळलेली आहे. श्रावणात घरात कानबाई देवी बसते तेव्हा सुरतेत नोकरी करणारा, पुण्यात रिक्षा चालवणारा, सगळे भाऊबंद एका घरात येतात. घरटी गहू निघतो, रोट होतात, रात्र जागते आणि वर्षाची भांडणं तेवढ्यापुरती तरी बाजूला पडतात. कोणाचा पोरगा काय करतो, कोणाच्या पोरीचं कुठे जमतंय, कोण आजारी, सगळी माहिती त्या एका रात्रीत इकडून तिकडे जाते. आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात आणि सासरचं सुखदुःख मैत्रिणींना सांगतात. त्याच सुमाराला ऊसतोडीला गेलेली कुटुंबंही परतलेली असतात. वर्षातून दोन वेळा गाव भरलेलं असतं: दिवाळीच्या आधी आणि आखाजीनंतर. सरकारी कॅलेंडर मात्र बैठका घेतं 15 ऑगस्टला, 26 जानेवारीला. जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांच्या शिक्षणावर चर्चा होते तेव्हा ज्यांच्या मुलांचा प्रश्न सर्वांत मोठा, ते आई-बाप फडात असतात. म्हणून बैठक आपल्या पंचांगाप्रमाणे घ्या.

दिवाळीआधीच्या बैठकीत एकच मोठं काम: यंदा कोणती कुटुंबं जाणार, त्यांच्याबरोबर कोणती मुलं जाणार, आणि त्यांतली कोणती मागे राहू शकतील. आजी-आजोबा धडधाकट आहेत का? हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत गेला का? हे वसतिगृह म्हणजे स्थलांतरित पालकांची मुलं गावीच राहून शिकावीत म्हणून शासनाने केलेली सोय. त्याची मागणी ट्रक भरल्यावर करून उपयोग नाही. जी मुलं जाणारच आहेत, त्यांच्याकडे शिक्षण हमी कार्ड दिलं का, गरोदर बाईची आणि बाळाच्या लसीची कागदं सोबत आहेत का, सिकलसेलच्या मुलाच्या गोळ्या किती दिवस पुरतील. आखाजीनंतरच्या बैठकीत हीच यादी पुन्हा उघडायची. कोण परत आलं, कोण आलं नाही, कोणाचं शिक्षण किती मागे पडलं, जूनपर्यंत उजळणीचे वर्ग कोण घेईल. एक यादी, दोन वेळा उघडलेली. एवढं नेमाने झालं तरी पुष्कळ साधेल.

तरुण मुलांचं काय? रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात काय नि शिरपूर-शिंदखेड्यात काय, पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं सगळीकडे दिसतात. पोलीस भरती, सैन्य भरतीची तयारी. बारावी झालेली, काहींची पदवीही झालेली, दिवसभर बापाच्या शेतात नाहीतर केळी भरायला, आणि पहाटे रस्त्यावर. मागून ट्रक येतो, पोरं खड्ड्यात उतरतात. या पोरांना गाव किती कमी देतं! एक सपाट मैदान, आखलेला ट्रॅक, रात्री दहापर्यंत दिवा असलेली अभ्यासिका. भरती सगळ्यांची होणार नाही हे उघड आहे, आणि वयोमर्यादा ओलांडलेल्या पोराचं पुढे काय, हा प्रश्न तर आणखी अवघड. पण हाच गट संध्याकाळी पाचवी-सहावीच्या मुलांना कबड्डी शिकवू शकतो. मैदानावर शिकवणारा 20 वर्षांचा दादा गुटखा थुंकून आला की लहानग्यांना कळतं, म्हणून तोही सोडतो. आधार देणारा आणि आधार घेणारा, दोघांचंही त्यात भलं होतं. बैठकीत या पोरांना खुर्च्या मांडायला बोलावतात, बोलायला नाही. त्यांना नि मुलींना मत विचारल्याशिवाय केलेली योजना बहुतेक वेळा मोठ्यांच्या सोयीची निघते. आणि विचारताना भाषा सांभाळा. प्रमाण मराठीतली छापील प्रश्नावली पुढे केली की अहिराणी, पावरी, मावची बोलणारं मूल 'हो' वर खूण करून मोकळं होतं. 'काय करी राहिना, भाऊ?' असं अहिराणीत विचारलं की पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

एका गोष्टीची मला मनापासून भीती वाटते, ती इथेच सांगायला हवी. मुलांच्या भल्यासाठी गाव एकत्र येतं म्हणताना ते मुलींवर पाळत ठेवायला एकत्र येऊ शकतं. मुलींच्या हातात मोबाईल नको, संध्याकाळी सातनंतर बाहेर नको, कोण कोणाशी बोलतं त्याची चर्चा पारावर. असं एकत्र येण्यापेक्षा न आलेलं बरं. त्यामुळे काही पथ्यं पहिल्या दिवसापासून पाळावी लागतात. उघड बैठकीत फक्त आकडे बोलायचे: आठवीतल्या किती मुली महिन्यात दहा दिवसांहून जास्त गैरहजर, किती मुलांचं रक्त कमी. नावं फक्त दोन-तीन जणांनी जाणायची, ज्यांनी त्या घरी जायचं आहे त्यांनी. प्रेमप्रकरण, आजार, घरातली मारहाण यांचा बैठकीत उच्चार नाही. मुलाला धोका असेल तर 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आहे, मन खचलेलं असेल तर 14416 वर टेली मानस आहे. हे दोन क्रमांक शाळेच्या, एसटी थांब्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक रंगवून घ्या.

दुसरी अडचण दारूची. गावाच्या एकत्र कामाला सर्वांत आधी विरोध तिथून येतो, कारण कोणाचा तरी धंदा बुडतो आणि तो कोणीतरी बहुतेकदा गावातलं वजनदार माणूस असतो. पण इथेही खानदेशाची स्वतःची शिदोरी आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा-तळोद्यात भिल्लांचे नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या काळात भिल्ल शेतमजूर बायका गावोगाव गेल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. जमीन नि मजुरीच्या लढ्यातून एकत्र आलेल्या त्या बायकांनी घरातल्या मारहाणीचा प्रश्नही पुढे आणला. आज परवाना असलेल्या दुकानाविरुद्ध कायदेशीर रस्ता आहे: गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेतात, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. अवैध गुत्त्यासाठी मात्र पोलिसांच्या मागे लागून राहावं लागतं, आणि तिथे एकट्या बाईचं नाही, पन्नास जणींचं निवेदन वजनदार ठरतं.

जातीची भिंतही झाकून ठेवू नये. बऱ्याच गावांत बैठक पाटलांच्या ओट्यावर भरते आणि भिलाटीतले लोक उभे राहून ऐकतात. ज्यांची मुलं सर्वांत जास्त अडचणीत, त्यांचाच आवाज नसेल तर यादी चुकते. बैठक शाळेच्या व्हरांड्यात घ्या, सगळे एकाच सतरंजीवर बसा, आणि एक आड एक बैठक वस्तीवर न्या. मजुरी बुडू नये म्हणून ती संध्याकाळी ठेवा.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा अनेकांनी पाहिलं असेल. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने त्या छोट्या पाड्याने उजाड झालेलं जंगल राखलं, 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लोक तिथलं जंगल बघायला जातात. मला तिथे शिकण्यासारखी वाटते ती त्यांची नियम करण्याची रीत. झाड तोडलं तर दंड, हा नियम सगळ्यांनी बसून केला, राखण्याची जबाबदारी गावातच वाटून घेतली, आणि नियम सगळ्यांना सारखा. जंगलाला पालवी फुटली तसं पाणी टिकलं, शेती पिकली आणि कामासाठी बाहेर जाणारी माणसं घरी राहू लागली. आई-बाप घरी राहिले की मुलं शाळेत राहतात, हा त्यातला मुलांच्या दृष्टीने मोठा लाभ.

किती दिवसांत फळ दिसेल? अमेरिकेतल्या त्या गावांत मुलांच्या वागण्यात फरक दिसायला तीन-चार वर्षं गेली. आपल्याकडे पहिल्या वर्षी इतकंच बघा: दोन्ही बैठका झाल्या का, यादी खरी झाली का, शिक्षक आणि आशाताई एकमेकांना फोन करू लागले का. दुसऱ्या वर्षी गैरहजेरी आणि वजन बघा. बालविवाह आणि व्यसनाचे आकडे हलायला त्याहून वेळ लागतो. मधेच बदल्या होतील, निवडणूक होईल, उत्साही ग्रामसेवक दुसऱ्या तालुक्यात जाईल. म्हणून यादीची वही कोणा एकाच्या घरी किंवा शाळेच्या कपाटात ठेवू नका. ग्रामसभेत ठराव घ्या, त्याला क्रमांक द्या, दोन्ही बैठकांचे महिने ठरावात लिहा, निमंत्रकाचं नाव नि मानधन त्यातच नमूद करा आणि वही ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावा. नावांचा कागद तेवढा वेगळा, बंद पाकिटात. नवा सरपंच आला की पहिल्या मासिक सभेत त्याच्यापुढे तो ठराव वाचून दाखवायचं काम बचत गटातल्या बायकांनी आपल्याकडे घ्यावं, कारण बदलीही त्यांची होत नाही आणि मुदतही त्यांची संपत नाही.